बाबांची लॅम्ब्रेटा चालती ठेवताना

जुनी लॅम्ब्रेटा बघायला जाल तेव्हा किक मारायच्या आधी इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाला सांगा, तासाभरानं परत येते. गरम इंजिन कुणाच्याही किकला उठतं. थंड इंजिन किती किकांत उठतं, उठल्यावर धूर कसला टाकतं आणि पाच मिनिटांनी आवाज कसा बदलतो, यात त्या गाडीची सगळी कुंडली असते. ओळखीच्यांसाठी मी आजवर सात-आठ गाड्या बघायला गेले. त्यातल्या चार तरी आधीच तापवून ठेवलेल्या होत्या.

मी अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज. घरची गाडी १९७२ची लॅम्ब्रेटा एलआय १५०, सिरीज टू. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांनी ती १९७८ साली सेकंडहँड घेतली आणि निवृत्तीनंतरही चालवली. त्यांचे गुडघे गेल्यावर ती सहा वर्षं जिन्याखाली उभी राहिली. २०१५ला मी ती बाहेर काढली. तेव्हापासून तीन वेळा इंजिन खोललं, एकदा रस्त्यात जाम केलं, आणि जे शिकले ते इथं लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक आग्रह. पैसे रंगात घालू नका. आमच्या गाडीचा फिकट निळा रंग बाबांच्या काळातला आहे, डाव्या पॅनेलला खाली पत्रा दिसतो, आणि तो तसाच राहणार आहे. नव्या रंगाखाली इंच इंच पुट्टी भरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आत ब्रेक नाहीत, केबली गंजलेल्या, आणि मालकाच्या हातात पैसा उरलेला नाही. आधी ऑइल सील, ब्रेक लायनर, केबली, टायर. ती वर्षभर चालली की मग रंगाचा विचार करा. तोवर बहुतेकांना तो नकोसाच होतो.

घेताना

पत्रा सडला असेल तर घाबरू नका, पण नळी वाकलेली असेल तर सरळ उठून या. लॅम्ब्रेटा काढणारे फेर्दिनांदो इनोसेंटी मूळचे पोलादी नळ्यांच्या धंद्यातले. मिलानच्या लांब्राते भागातला त्यांचा कारखाना महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी मोडला, आणि १९४७ला तिथूनच पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. नाव त्या भागावरून पडलेलं. नळीवाल्यानं केलेली स्कूटर म्हणून तिचा कणा एक जाड नळी आहे आणि पत्रा वरून घातलेला सदरा. व्हेस्पाचं उलट असतं, तिथं पत्राच सांगाडा. म्हणून लॅम्ब्रेटाचा पत्रा बदलता येतो. नळी समोरून ठोकर खाऊन मागे गेली असेल तर हँडल पूर्ण वळवल्यावर पुढचं मडगार्ड लेगशील्डच्या, म्हणजे पायांपुढच्या पत्र्याच्या, फार जवळ येतं, आणि मागून दहा पावलांवर उभं राहून पाहिलं की दोन्ही चाकं एका रेषेत दिसत नाहीत. मी दोरा धरून बघते. विकणाऱ्याला आवडत नाही, पण दोरा खोटं बोलत नाही.

कुठली गाडी आहे तेही ओळखून घ्या, नाहीतर स्पेअर आणताना फसाल. एलआय मालिका इटलीत १९५८ला आली, सिरीज टू त्याच्या पुढच्या वर्षी. तिकडं लवकरच सडपातळ बांध्याची सिरीज थ्री निघाली, पण मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं, म्हणजे एपीआयनं, हा जुना रुंद बांधाच चालू ठेवला. पुढं तिचं नाव ‘लॅम्बी’ झालं. इटलीतलं उत्पादन १९७१ला थांबलं. ती यंत्रसामग्री भारत सरकारनं घेतली आणि लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली. विजय सुपर तिथली. एपीआयचे पॅनेल विजय सुपरला बसत नाहीत. इंजिनातल्या बऱ्याच वस्तू मात्र एकमेकींना चालतात, आणि म्हणूनच आज आपल्याकडे ही गाडी ठेवणं शक्य आहे.

मग मागचं चाक. गाडी स्टँडवर, दोन्ही हातांनी टायर धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खटखट लागली तर किंमत बरीच खाली आणा. का ते पुढं सांगते.

कागदांबद्दल थोडक्यात. इंजिन आणि चासी, दोन्ही नंबर चिंधीनं पुसून स्वतः वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणी वाढवायची, पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासायला पेठ रोडच्या आरटीओत न्यायची. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो. हे काम विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडू देऊ नका, आधी विकणाऱ्याकडून करून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१पासून ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते. मी ती घेतली नाही. त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. माझी गाडी भाजीलाही जाते.

पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमधून येतं तेवढंच ऑइल मिळतं. क्रँकचं बेअरिंग, पिस्टन, रिंगा, सगळे त्याच्यावर जगतात. मी लिटरला ४० मिली घालते. नवीन ऑइल चांगली असतात, कमी चाललं असतं असं सांगणारे भेटतात, पण जुन्या लोखंडी सिलिंडरला मी हात आखडता घेत नाही. धूर जरा जास्त होतो, प्लग थोडा लवकर काळा पडतो. ते परवडतं. पूर्वी पंपावर टू-टी ऑइलची मशीनच असायची. आता घरून भरलेल्या ४० मिलीच्या बाटल्या घेऊन जाते. आधी बाटली टाकीत, मग पेट्रोल, म्हणजे धारेनं मिसळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी काढताना चार वेळा डावी-उजवीकडे हेलकावते. बाबा हे करायचे तेव्हा मला ती सवय वाटायची. खाली बसलेलं ऑइल ढवळलं जातं, हे नंतर कळलं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही. माझ्या पेट्रोल कॉकचं रबर एका पावसाळ्यात फुगून भोक बुजलं. गाडी चाळीसच्या पुढं गेली की मिसिंग मारायची आणि उभी केली की पुन्हा बरी. दोन आठवडे मी पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांवर, संशय घेत होते. कॉकचं रबर, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई आणि पेट्रोलची नळी विटॉनची, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराची घ्या. टूलरूमच्या ओ-रिंगवाल्याकडं सहज मिळतं. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते टाकीच्या तळाशी बसून गंज धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. तिसरं, या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघा. चाळीस-पन्नासच्या वेगात पाचेक किलोमीटर पळवा, मग क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. टोक चॉकलेटी हवं. पांढरं दिसलं तर तसंच पुढं जाऊ नका.

दोन सील

हे मी सगळ्यात सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं इंजिन याच्यापायीच गेलं.

क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील असतं. एक मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूला, एक चेनच्या बाजूला. दोन्ही बोटभर रुंदीची, किंमत किरकोळ. चेनच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं. मग पांढरा दाट धूर, त्याला जळक्या गिअर ऑइलचा उग्र वास, आणि चेनकेसमधलं ऑइल हळूहळू कमी. हा दोष निदान दिसतो तरी. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की धूर नाही, वास नाही. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं. खूण एकच असते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच घुमत राहतं.

२०१७च्या मे महिन्यात एका गॅरेजमध्ये मी वायरिंगसाठी मॅग्नेट उतरवून घेतला होता. त्यांनी तिथलं सील काढलं आणि जुनंच परत ठोकून बसवलं. दोन दिवस गाडी अशी वरच घुमत होती. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ती खाली आणली. चूक तिथं झाली, खूण दिसत होती आणि मी ती मिटवून टाकली. रविवारी त्र्यंबकला गेले. परतताना अंजनेरी मागं टाकलं, उतार संपून सपाट रस्ता लागला, आणि गाडीला मागून कुणी धरल्यासारखं झालं. आवाज कोरडा झाला. बाबांनी शिकवलेलं तेवढ्यात आठवलं, क्लच दाबला. न दाबता तर मागचं चाक लॉक झालं असतं आणि मागून जीप येत होती. कडेच्या झाडाखाली चाळीस मिनिटं थांबले, हातानं किक दाबून इंजिन मोकळं झालंय का बघितलं, आणि तिसाच्या वेगात नाशिकरोडला पोचले.

खोललं तर पिस्टन सायलेन्सरच्या बाजूला उभा ओरखडला होता. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७.४ मिलिमीटरवर होता, तो ५७.६ करून घेतला. मूळ मापं बोअर ५७, स्ट्रोक ५८, १४८ सीसी, त्यामुळं अजून जागा होती. बोअरिंगला द्यायचं तर पिस्टन आधी विकत घ्या, सोबत द्या आणि सांगा, या पिस्टनला बोअर करा. नुसता साइज सांगू नका. डब्यावर एकच नंबर असलेले दोन पिस्टन मी मोजले आहेत, त्यांच्यात तीन शतांश मिलिमीटरचा फरक होता. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा मोडून घ्या. बोअरिंगनंतर त्या ब्लेडसारख्या धारदार राहतात आणि रिंग त्यांना अडकून तुटते. बऱ्याच ठिकाणी हे सांगितल्याशिवाय करत नाहीत. मी बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतः करते, अर्धा तास लागतो.

तेव्हापासून नियम ठेवला आहे. मॅग्नेट उतरला की सील नवं. त्याच्या ओठाला बसवताना ऑइलचं बोट फिरवायचं. मॅग्नेट पुलरनंच काढायचा, हातोडी लावायची नाही.

पंख्याचा पत्रा आणि सिलिंडरवरचं टोपण काढून ही गाडी कधीही चालवू नका. मॅग्नेटवरचा पंखा त्या टोपणातूनच हवा सिलिंडरवर फिरवतो. दिसायला बरं म्हणून उघडं ठेवणारे मी पाहिले आहेत. अशा गाडीचं डोकं द्वारका चौकातल्या एका सिग्नललाही लाल होईल.

मागचा हब

मघाशी चाक हलवायला सांगितलं ते यासाठी. मागचा हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो आणि एका मोठ्या नटानं आवळला जातो. नट ढिला राहिला की हब शाफ्टवर डुलतो आणि दाते खाऊन टाकतो. मग हब आणि शाफ्ट दोन्ही जातात, आणि शाफ्टसाठी अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागतो. हा नट साध्या पान्यानं आवळून चालत नाही. मी लांब दांड्याचा टॉर्क पाना लावते, कंपनीतून शनिवारी मागून आणते. नट बसवल्यावर शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासायचा, मग लॉक वॉशरचं पान वळवायचं. वर्षातून एकदा तरी मागचं चाक काढून हे बघा.

चाकावरून आठवलं. रिमचे दोन अर्धे नटांनी जोडलेले असतात. ते नट हवा पूर्ण काढल्याशिवाय उघडायचे नाहीत, व्हॉल्व्हची सुईच काढून ठेवायची. हवेसकट उघडलं तर रिम तोंडावर येतो. टायर ३.५० बाय १०, दोन्ही चाकांना एकच, म्हणून स्टेपनी कुठंही चालते. हवा मी पुढं १८, मागं एकटी असले तर २५ ठेवते, मागं कुणी बसलं तर ३२.

बाकीची कामं पटकन सांगते. पॉइंटची फट ०.४० मिलिमीटर, फिलर गेजनं, पॉइंट पूर्ण उघडल्यावर. थंड असताना चालून गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होणारी गाडी बहुतेकदा कंडेन्सर मागते. गिअर ऑइल ९० नंबरचं, साधारण पाऊण लिटर, तीन हजार किलोमीटरला, गाडी फिरवून आणल्यावर गरम असतानाच काढायचं. गिअरच्या दोन केबली असतात, एक ढिली पडली की दुसरा गिअर निसटतो, म्हणून दोन्ही एकदम बदला. सायलेन्सर दर दोन वर्षांनी काढून आतला कार्बन जाळून घ्या. पिकअप गेलाय म्हणून इंजिन खोलायला निघालेल्या दोन गाड्या माझ्यासमोर नुसत्या सायलेन्सरनं बऱ्या झाल्या आहेत.

चालवताना

ब्रेक ड्रमचे, केबलवर चालणारे. पुण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पुढची कार थांबायला जेवढी जागा घेते त्याच्या दुप्पट धरून चला. मागचा पाय आणि पुढचा हात एकत्र वापरायचा, गिअर खाली टाकत यायचं. गाडी ऐंशीपर्यंत जाते, मी पन्नासच्या आसपास ठेवते. त्या वेगात आवाज गोल लागतो.

घाटात चढताना काही होत नाही, दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते. सांभाळायचं ते उतरताना. सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना आपण ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडतो. इंजिन फिरत असतं, पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. मैलोन्‌मैल कोरडं फिरणारं इंजिन खाली पोचल्यावर जाम होतं, आणि लोक म्हणतात, उतारावर कसं झालं. दर अर्ध्या मिनिटाला क्लच दाबून एकदा ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाला घोटभर ऑइल मिळतं आणि ड्रम तापण्यापासूनही वाचतात, कारण तुम्हाला पुन्हा गिअरवर उतरता येतं.

डिसेंबरात निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हा आपल्याकडंही सकाळी गाडी रुसते. कॉक उघडा, अर्धा मिनिट थांबा, चोक ओढा, ॲक्सिलरेटरला हात न लावता दोन किका सावकाश आणि तिसरी जोरात. उठल्यावर चोक हळूहळू सोडा. पहिला किलोमीटर तिला पळवू नका. लोखंडी सिलिंडरपेक्षा ॲल्युमिनियमचा पिस्टन लवकर फुगतो, त्याला जागा होईपर्यंत थांबावं लागतं.

सोबत ठेवायचं सामान एका कापडी पिशवीत मावतं. दोन प्लग आणि प्लग पाना, फिलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा, कंडेन्सर, क्लचची आतली तार आणि तिची घुंडी, एक स्क्रू ड्रायव्हर, १० ते १४चे पाने, ४० मिलीची भरलेली बाटली, जुना बनियन. प्लग घेताना चुडीची, म्हणजे आट्यांची, लांबी जुन्याशी धरून बघा. जास्त लांब प्लग पिस्टनला लागतो.

आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढा, पाऊस असो की परीक्षा. वीसेक किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेल एवढी. उभ्या गाडीची सीलं सुकतात, फ्लोट चिकटतो, पॉइंटवर बुरशीसारखा थर येतो. जिन्याखालच्या त्या सहा वर्षांनी आमच्या गाडीचं जेवढं नुकसान केलं, तेवढं आधीच्या तीस वर्षांच्या रोजच्या ये-जा करण्यानं केलं नव्हतं.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी मी हात खाली घालून पेट्रोलचा कॉक बंद करते. तिथून आमचं दार दोनेकशे मीटर. फ्लोटमधलं पेट्रोल तेवढ्यात संपत येतं, आवाज जरा उंच चढतो, आणि फाटकापाशी इंजिन आपोआप बंद होतं. कार्बोरेटर कोरडा राहिला की इथेनॉल आत बसून काही खात नाही. बाबा आवाज चढला की खुर्चीतून उठतात आणि फाटक उघडायला येतात.